न्यू जर्सीत ऑटिझमचा इन्शुरन्स कायदा आहे, तरी आमची थेरपी नाकारली

वडाची_पारंबी | ११ फेब्रुवारी, रात्री १०.४२

नमस्कार. इथे चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. नोव्हेंबरात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियननी ऑटिझमचं निदान केलं आणि सोबत प्रिस्क्रिप्शन दिलं: आठवड्याला २० तास एबीए (वागणं आणि कौशल्यं छोट्या छोट्या पायऱ्यांनी शिकवणारी थेरपी), दोनदा स्पीच, एकदा ऑक्युपेशनल थेरपी (ओटी). त्या दिवसांत ज्याला सांगावं तो एकच धीर द्यायचा, "न्यू जर्सीत आहात ना, मग पैशांची काळजी नाही, इथे कायदा आहे."

कायदा खरंच आहे. मी तो तीनदा वाचलाय. ऑगस्ट २००९ मध्ये गव्हर्नर जॉन कॉर्झाइन यांची सही झाली आणि २०१० पासून तो लागू आहे. ऑटिझमच्या तपासण्यांचा खर्च विमा कंपनीने द्यायचा. स्पीच, ओटी, फिजिकल थेरपी द्यायची, आणि त्यांना "वर्षाला इतक्याच भेटी" अशी मर्यादा लावायची नाही. मूल २१ वर्षांच्या आतलं असेल आणि मुख्य निदान ऑटिझम असेल तर एबीएसुद्धा द्यायची. एबीएसाठी कायद्यात वर्षाला ३६,००० डॉलरची रक्कम लिहिली होती.

एबीए देणाऱ्या सेंटरने विमा कंपनीकडे अर्ज पाठवला, आम्ही वाट बघत बसलो. सहा आठवड्यांनी नकार आला. कारण म्हणून एकच वाक्य: ही सेवा तुमच्या प्लॅनमधून वगळलेली आहे.

फोन केला. पन्नास मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. मी कायद्याचं नाव, वर्ष, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅम, तुमचा प्लॅन सेल्फ फंडेड आहे. राज्याचा कायदा त्याला लागू होत नाही." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. नवऱ्याच्या ऑफिसात जॉइन होताना जे पॅकेट मिळालं होतं त्यात तो होता, अठ्ठावन्नाव्या पानावर.

आता एक दृश्य सांगते, म्हणजे मी कशासाठी भांडतेय ते कळेल. अर्ज करण्याआधी सेंटरची बीसीबीए (एबीएची प्रमाणित तज्ज्ञ) घरी येऊन दोन तास मुलाला बघून गेली. तहान लागली की तो माझं मनगट धरून मला फ्रीजपर्यंत ओढत नेतो आणि मग रडतो, कारण मला पाणी हवंय की दूध हे कळत नाही. तिने आमच्या स्टीलच्या पेल्याचा फोटो काढला, कार्डाएवढा छापला आणि फ्रीजला वेल्क्रोने लावला. त्याने मनगट धरलं की त्याचा हात हळूच कार्डाकडे न्यायचा, कार्ड माझ्या तळहातावर ठेवून घ्यायचं, मी "पाणी" म्हणायचं आणि लगेच पेला द्यायचा. चाळीस मिनिटांत हे अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी त्याने एकट्याने कार्ड काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी "पाणी" म्हणेपर्यंत बघत राहिला.

दोन तासांत एवढं झालं. आठवड्याला २० तास मिळाले तर काय होईल, हा विचार डोक्यातून जात नाही. तासाला ६० डॉलर जरी धरले तरी वर्षाचे ६२,००० होतात. एका पगारात ते जमणार नाही.

माझे प्रश्न: हा सेल्फ फंडेड प्रकार नक्की काय आहे? राज्याने कायदा केला तरी त्यातून प्लॅन सुटतो कसा? आणि यातून कुणी वाट काढलीय का?

---

एडिसनकर_२०११ | ११ फेब्रुवारी, रात्री ११.१५

ताई, वाचून गलबलून आलं. आमच्या मुलीला याच कायद्याखाली सहा वर्षं एबीए मिळाली, कधी अडचण आली नाही. मी चाळीस माणसांच्या छोट्या कंपनीत होतो. तुमचं वाचेपर्यंत मला वाटायचं की न्यू जर्सीत राहणाऱ्या सगळ्यांनाच मिळते. मीसुद्धा चार जणांना "काळजी नको, कायदा आहे" असं सांगितलंय. त्यांना आता फोन करतो.

---

सह्याद्रीचा_वारा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

मी एम्प्लॉयी बेनिफिट्समध्ये काम करतो, १४ वर्षं झाली. हा प्रश्न दर महिन्याला एकदा तरी माझ्यापुढे येतो, आणि बहुतेक वेळा आपल्याच लोकांकडून येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं. पण पैसे कुणाचे आहेत, हे त्या नावावरून कळत नाही. दोन प्रकार आहेत. पहिल्यात तुमचा नोकरदार विमा कंपनीला प्रीमियम भरतो आणि आजारपणाची जोखीम विमा कंपनी घेते. याला फुली इन्शुअर्ड म्हणतात. दुसऱ्यात बिलं नोकरदार स्वतःच्या तिजोरीतून भरतो आणि विमा कंपनी फक्त हिशेब ठेवते, कार्डं छापते, फोन उचलते. तो सेल्फ फंडेड. आतून दोन्ही पूर्ण वेगळे आहेत, पण कार्ड तेच, वेबसाइट तीच, फोन नंबरही तोच.

राज्य सरकारचा अधिकार विमा कंपनीवर चालतो. सेल्फ फंडेड प्लॅन कायद्याच्या नजरेत विमा नाहीच, ती नोकरदाराने कर्मचाऱ्यांसाठी केलेली सोय आहे. १९७४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, एरिसा नावाचा कायदा केला. पेन्शन आणि इतर सोयींचे नियम सगळ्या देशात एकसारखे असावेत, दहा राज्यांत पसरलेल्या कंपनीला दहा नियम पाळावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. त्यामुळे सेल्फ फंडेड प्लॅनवर राज्याचा विमा कायदा चालत नाही, केंद्राचाच चालतो. आज नोकरीतून विमा मिळणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक अशा प्लॅनमध्ये आहेत. कंपनी जितकी मोठी तितकी शक्यता जास्त. आपल्याकडचे आयटीवाले बहुतांश मोठ्या कंपन्यांत, म्हणजे याच गटात.

एडिसनकर छोट्या कंपनीत होते म्हणून त्यांना मिळालं. कायदा तोच, गावही तेच.

ताई, तुमची वाट बंद झालेली नाही, पण ती ट्रेंटनहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, जात नाही. ती एचआरमधून आणि केंद्राच्या पॅरिटी (समान वागणुकीच्या) कायद्यातून जाते. त्यावर आज रात्री लिहितो, आत्ता ट्रेनमध्ये आहे.

---

पाटी_पेन्सिल | १२ फेब्रुवारी, दुपारी १.३०

या कायद्यांचा थोडा इतिहास लिहिते. हे कायदे आयते आलेले नाहीत, हे आपल्या लोकांना माहीत असावं असं वाटतं.

आधी विमा कंपन्या थेरपी नाकारताना दोन कारणं द्यायच्या. एक, हे शिक्षण आहे, उपचार नाही, शाळेने द्यावं. दोन, हे प्रायोगिक आहे. सर्वसमावेशक कायदा करणारं पहिलं राज्य ठरलं इंडियाना, २००१ मध्ये. नंतर बरीच वर्षं फारशी हालचाल नव्हती. मग साउथ कॅरोलायनात लॉरी अनम या आईने, ज्या स्वतः वकील आहेत, विधेयकाचा मसुदा लिहिला आणि पालकांना बरोबर घेऊन तो विधिमंडळापर्यंत नेला. २००७ मध्ये तो मंजूर झाला. गव्हर्नर मार्क सॅनफर्ड यांनी व्हेटो केला, आणि विधिमंडळाने तो व्हेटो उलथवून लावला. अनम यांच्या मुलाच्या नावावरून तो कायदा रायन्स लॉ म्हणून ओळखला जातो. आठव्या वर्षाच्या आत निदान झालेल्या मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत बिहेवियरल थेरपीसाठी वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत, अशी त्याची मूळ तरतूद.

त्यानंतर दारं उघडत गेली. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया, अ‍ॅरिझोना, इलिनॉय. २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सने वयाची आणि पैशांची दोन्ही मर्यादा न ठेवता केला. २०११ मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क. २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत या ना त्या रूपात तरतूद आली. अठरा वर्षांत पन्नास राज्यं. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुरुवात कुठल्या ना कुठल्या पालकाने आमदाराचं दार ठोठावण्यापासून झाली.

---

खाडीकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ८.२०

पाटी_पेन्सिल, हे वाचून आमच्या कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो आठवली.

माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. एसबी ९४६ हे आमच्या राज्याचं ऑटिझम विम्याचं विधेयक चालू होतं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आम्ही बे एरियातून सहा आया दोन गाड्यांतून पहाटे निघालो. तिथे समितीपुढे सामान्य माणसाला फार बोलता येत नाही. रांगेत उभं राहायचं, माइकपाशी आलं की नाव, गाव आणि "मी पाठिंबा देते" एवढंच म्हणायचं, पुढे सरकायचं. माझ्यापुढे एक आजोबा होते, त्यांचा नातू चाळीस मैलांवर राहायचा. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि पुढे शब्दच फुटेना. कुणी घाई केली नाही. मी इंग्रजीत चुकू नये म्हणून गाडीत चार वेळा म्हणून बघितलं होतं. पाच सेकंदांचं काम, पण त्या नोंदीत माझं नाव आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली, १ जुलै २०१२ पासून कायदा लागू झाला. वयाची अट नाही, डॉलरची मर्यादा नाही. त्याआधी आमच्याकडे सगळा भार रीजनल सेंटरवर (अशा मुलांना सेवा मिळवून देणारं राज्याच्या पैशावरचं केंद्र) असायचा. १९६९ च्या लँटरमन कायद्यापासून ती सोय आहे आणि तिचे उपकार मी विसरणार नाही. आता आधी विमा, मग रीजनल सेंटर, असा क्रम आहे.

वडाची_पारंबी, तुम्ही एकट्या नाही आहात. आजचं एक काम सांगते: एक वही करा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, कॉलचा रेफरन्स नंबर. माझ्या तीन वह्या भरल्या. एका अपिलात निव्वळ त्या वहीमुळे जिंकले.

---

सह्याद्रीचा_वारा | १२ फेब्रुवारी, रात्री १०.५०

सकाळचं पुढे.

२००८ मध्ये केंद्राने मेंटल हेल्थ पॅरिटीचा कायदा केला. तो मोठ्या नोकरदारांच्या सेल्फ फंडेड प्लॅनलाही लागू आहे. मानसिक आरोग्याचा लाभ द्यायलाच हवा अशी सक्ती तो करत नाही. पण द्यायचा ठरवला तर शरीराच्या आजारांपेक्षा जाचक अटी त्याला लावता येत नाहीत. डॉलरच्या आणि भेटींच्या मर्यादा बऱ्याच प्लॅनमधून गेल्या त्या याच कायद्यामुळे. न्यू जर्सीची ३६,००० ची रक्कम कागदावर दिसते, तीही यामुळे बहुतेक ठिकाणी लावता येत नाही.

आता तुमच्या नकाराकडे बघा. ऑटिझमचं निदान प्लॅनला मान्य आहे, डॉक्टरांची फी दिली, स्पीच दिली. मग त्याच आजाराचा मुख्य उपचार तेवढा वगळायचा, हे पॅरिटीत बसतं का? २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाने एका सेल्फ फंडेड प्लॅनबाबत निकाल दिला की ऑटिझमसाठीची एबीए अशी वगळणं पॅरिटी कायद्याचा भंग आहे. एका डिस्ट्रिक्ट कोर्टाचा निकाल सगळ्या देशाला बांधत नाही. पण एचआरच्या वकिलापुढे तो ठेवला की सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग करायचं काय? नकाराच्या तारखेपासून अपिलाला १८० दिवस आहेत, तेवढे लावू नका. अपिलाच्या अर्जातच तीन कागद लेखी मागा: प्लॅनचं पूर्ण डॉक्युमेंट (एचआर देते ते रंगीत पुस्तक नव्हे), नकार देताना वापरलेले निकष, आणि एबीए वगळण्यामागचं कंपॅरेटिव्ह अ‍ॅनालिसिस. हे शेवटचं महत्त्वाचं. शरीराच्या आजारांना आणि मानसिक आरोग्याला एकच न्याय लावलाय हे प्लॅनने लिहून ठेवायला हवं आणि सभासदाने मागितलं की द्यायला हवं, असं २०२० च्या अखेरीस झालेल्या केंद्राच्या कायद्यात आणि त्याबद्दलच्या केंद्राच्या मार्गदर्शनात आहे. पुष्कळ नोकरदारांकडे ते तयार नसतं. मागणी आली की आतमध्ये धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीतच ही वगळणूक काढून टाकण्याचा विषय टेबलावर येतो.

त्याच आठवड्यात एचआरमधल्या बेनिफिट्सच्या माणसाला वेगळी मेल लिहा. तक्रारीचा सूर नको. "हा लाभ जोडण्याचा अधिकार आपल्या कंपनीला आहे, विमा कंपनीला नाही" हे वाक्य मात्र नक्की घाला. कित्येक एचआरवाल्यांनाच हे माहीत नसतं, ते प्रामाणिकपणे विमा कंपनीकडे बोट दाखवतात.

---

ह्यूस्टनची_सून | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.१२

यात अजून एक गाठ आहे, आम्ही तिच्यात अडकलो होतो. प्लॅन फुली इन्शुअर्ड असला तरी तुम्ही राहता त्या राज्याचा कायदा लागेलच असं नाही. पॉलिसी ज्या राज्यात काढली, त्या राज्याचा साधारणपणे लागतो. नवऱ्याची कंपनी टेक्सासची, आम्ही तेव्हा डेलावेअरला. आम्ही डेलावेअरचे नियम वाचत बसलो आणि पॉलिसी टेक्सासची निघाली.

टेक्सासचा कायदा २००७ चा, तेव्हा अगदी लहान मुलांपुरताच होता. दोनदा वाढवला. २०१३ च्या दुरुस्तीने वयाची अट गेली, पण दहाव्या वाढदिवसाआधी निदान झालेलं असावं लागतं. म्हणून ज्यांना शंका आहे त्यांना हात जोडून सांगते, निदान पुढे ढकलू नका. "मुलगे उशिरा बोलतात", "घरात दोन भाषा आहेत म्हणून", हे आम्हीही दोन वर्षं ऐकलं.

---

रानजाई | १३ फेब्रुवारी, रात्री ९.४५

मी जरा वेगळं लिहिणार आहे. वडाची_पारंबी, तुमच्या लढ्याविरुद्ध यातलं काही नाही.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान चौतिसाव्या वर्षी झालं. हे सगळे कायदे एका थेरपीभोवती बांधले गेले, ती एबीए. त्याचं मूळ बरंचसं मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आहे: १९ मुलं, आठवड्याला ४० तास, त्यातली ९ सर्वसामान्य शाळेत आणि बुद्ध्यांकात बसली. हा आकडा घेऊन पालक विधिमंडळांत गेले. पण त्या गटाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि त्याआधीच्या काळात त्याच पद्धतीत मुलांना थपडा मारणंही बसत होतं. माझ्या ओळखीतल्या ज्या ऑटिस्टिक प्रौढांनी लहानपणी ती घेतली, त्यातल्या काहींना आजही आठवतं ते "माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ" आणि हात हलवले की ते दाबून धरणं.

आजची एबीए बदललीय असं म्हणतात, काही ठिकाणी मी ते बघितलंही आहे. पेल्याच्या कार्डाचं जे तुम्ही लिहिलंत त्यात मुलाला त्याचं म्हणणं सांगायला साधन मिळालं. ते मला फार आवडलं. माझी विनंती एवढीच: तास मंजूर झाले की ट्रीटमेंट प्लॅनमधलं प्रत्येक उद्दिष्ट वाचा आणि विचारा, हे मुलाच्या सोयीचं आहे की बघणाऱ्यांच्या? हात फडफडवणं बंद करणं हे उद्दिष्ट लिहिलेलं दिसलं तर सही करू नका.

आणि स्पीच, ओटी मागे पडू देऊ नका. न्यू जर्सीच्या कायद्यात त्या दोन्हींना भेटींची मर्यादा नाही आणि त्या दुसऱ्या डेव्हलपमेंटल डिसअ‍ॅबिलिटी असलेल्या मुलांनाही आहेत. कायद्याचा तो भाग मला जास्त चांगला वाटतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

---

वडाची_पारंबी | १४ फेब्रुवारी, रात्री १२.१०

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि नवऱ्यालाही वाचून दाखवला. आमच्या मुलाला आनंद झाला की तो दोन्ही हात पंख्यासारखे हलवतो. माझी आई व्हिडिओ कॉलवर त्याला बघून स्वतःही तसेच हात हलवते, मग तो खदखदून हसतो. ते आम्ही कुणाला बंद करू देणार नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून हे आता प्लॅनमध्ये लेखी घालून घेणार.

सह्याद्रीचा_वारा, आभार कसे मानू? अपिलाचा मसुदा शनिवारी लिहिते.

भाषेबद्दल कुणी सांगाल का? एका ठिकाणी "घरी फक्त इंग्रजी बोला" म्हणाले. घरात आम्ही मराठीच बोलतो.

---

शब्दवेल | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

मी स्पीच थेरपिस्ट आहे, उत्तर कॅरोलायनात. भाषेचं उत्तर आधी: मराठी अजिबात सोडू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसत नाही. उलट आईवडील मोडक्या भाषेत बोलायला लागले की मुलाशी होणारं बोलणंच कमी होतं. "पाणी" हाच शब्द ठेवा. आरबीटीला (रोजची एबीए प्रत्यक्ष देणाऱ्या टेक्निशियनला) तो शिकवा. माझ्या सेंटरमधल्या मुली एका मुलासाठी "अजून" आणि "झालं" शिकल्या, पंधरा मिनिटांत शिकल्या.

आमच्या राज्याने २०१५ मध्ये कायदा केला, वर्षाला ४०,००० डॉलर, वय अठरा किंवा त्याहून कमी. आणि इथेही मला रोज तेच सांगावं लागतं: आधी एचआरला विचारा, प्लॅन कसला आहे.

---

एडिसनकर_२०११ | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.३०

अजून एक वाट आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने काढली. नोकरीच्या प्लॅनमध्ये एबीए नव्हती, म्हणून फक्त मुलासाठी राज्याच्या मार्केटप्लेसवरून (विमा विकत घ्यायची सरकारी वेबसाइट) वैयक्तिक पॉलिसी घेतली. ती राज्याच्या अखत्यारीत येते म्हणून कायदा लागू झाला. एच-४ वरच्या (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलालाही घेता येते. सबसिडी मिळाली नाही, पूर्ण प्रीमियम भरला, तरी एबीएच्या बिलापुढे तो काहीच नव्हता. पण ओपन एनरोलमेंट (अशी पॉलिसी घ्यायची मुदत) हिवाळ्यातच असते, एरवी नोकरी जाणं, राज्य बदलणं असं काही कारण लागतं.

---

वडाची_पारंबी | १५ फेब्रुवारी, रात्री ८.०२

यंदाची मुदत ३१ जानेवारीला संपली. आमच्या हातात नकार आला ५ फेब्रुवारीला. पाच दिवस.

---

मुळाकाठ | १६ फेब्रुवारी, सकाळी ११.४० (भारतीय वेळ)

पुण्याहून लिहितेय. माझी मुलगी सात वर्षांची. तुमचा धागा वाचताना सारखं वाटत होतं, निदान भांडायला कायदा तरी आहे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमची स्वतंत्र नोंद आली, २१ प्रकारांपैकी एक. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात म्हटलंय की विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखाच विमा द्यावा. पण आपला मेडिक्लेम अ‍ॅडमिट होण्यावर बेतलेला. ऑटिझममध्ये मूल अ‍ॅडमिट होतच नाही. रोजची थेरपी म्हणजे ओपीडी, आणि ओपीडी बहुतेक पॉलिसींमध्ये नाही. म्हणजे कायदा पाळूनही हातात शून्य.

राहिली ती नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चौघांसाठी. वर्षाला एक लाखाचं कव्हर, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडीतली थेरपी त्यात धरलेली आहे. वर्गणी काही शे रुपये. पण लाखाच्या आत थेरपीसाठीचा हिस्सा छोटा ठेवलाय. आमच्याकडे एका सेशनला ७०० रुपये पडतात, आठवड्याला पाच. तो हिस्सा केव्हाच संपतो. तरी घ्या, सगळ्यांनी घ्या. माझ्या मुलीच्या सेंटरमध्ये वीस पालकांपैकी चौघांनीच घेतली होती, बाकीच्यांना नावही माहीत नव्हतं. मी आता दर सोमवारी फॉर्म घेऊन बसते.

महाराष्ट्रात राज्य पातळीवर कुणी पालकांनी हा विषय आमदारांकडे नेलाय का? थेरपीची ओपीडी विम्यात आणा, एवढीच मागणी. सॅक्रामेंटोच्या रांगेचं वाचल्यापासून ते डोक्यात आहे.

---

खाडीकाठ | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

मुळाकाठ, तुम्ही चौघी जमवा. आम्ही सहा जणी होतो. आमच्या निवेदनाचा नमुना मराठीत करून देते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

वडाची_पारंबी | ९ जून, रात्री ११.२५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

अपील २ मार्चला गेलं. तीनही कागद मागितले. प्लॅनचं डॉक्युमेंट आलं, निकष आले, कंपॅरेटिव्ह अ‍ॅनालिसिस आलं नाही. दुसऱ्यांदा मागितलं. त्याच दरम्यान नवऱ्याच्या ऑफिसात अजून दोन पालक निघाले, एक तेलुगू, एक अमेरिकन. दोघांनाही नकार आला होता, दोघंही गप्प बसले होते. तिघांनी मिळून एचआरला एकच पत्र दिलं. सह्याद्रीचं ते वाक्य त्यात जसंच्या तसं घातलं. बेनिफिट्सच्या बाईंनी परत फोन करून विचारलं, "हे खरंच आमच्या हातात आहे?" त्या मनाने चांगल्या आहेत, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. १ जुलैपासून एबीए प्लॅनमध्ये घेतली आहे, वयाची अट नाही. तिघांच्याच नाही, कंपनीतल्या सगळ्यांच्या मुलांसाठी.

आजच आमचं ऑथरायझेशन, म्हणजे तासांची मंजुरी, आलं. डॉक्टरांनी २० तास लिहिले होते, मंजूर १५ झाले, सहा महिन्यांसाठी. आनंद झालाय, आणि त्या पाच तासांचं वाईटही वाटतंय. पुन्हा भांडू का?

---

सह्याद्रीचा_वारा | १० जून, सकाळी ७.१०

मनापासून अभिनंदन! ट्रेनमध्ये डोळे पुसले.

हो, भांडा, पण १५ तास सुरू करून भांडा. आता प्रश्नाची जात बदललीय. आधी "वगळलेलं आहे" असा नकार होता, तिथे बाहेरच्या परीक्षकाकडे जाणं अवघड असतं. "एवढ्या तासांची गरज नाही" हा वैद्यकीय निर्णय आहे. प्लॅनने अपील फेटाळलं तर चार महिन्यांच्या आत स्वतंत्र एक्स्टर्नल रिव्ह्यू मागता येतो, आणि ती सोय सेल्फ फंडेड प्लॅनलाही आहे. तो निर्णय प्लॅनला बांधतो. डॉक्टरांकडून पत्र घ्या: २० का, १५ मध्ये कुठलं उद्दिष्ट मागे पडेल, ते उद्दिष्टाच्या नावासकट.

---

रानजाई | १० जून, दुपारी १२.३०

किती बरं वाटलं! हात हलवण्याचं लेखी घातलंत का?

---

वडाची_पारंबी | १० जून, रात्री १०.०५

घातलं. ट्रीटमेंट प्लॅनच्या दुसऱ्या पानावर, पालकांची भूमिका या रकान्यात: हात हलवणे हे आनंद व्यक्त करणे आहे, त्यात बदल करायचा नाही. बीसीबीएने स्वतःहून खाली सही केली.

डॉक्टरांना पत्रासाठी मेल केलीय. आरबीटी १ जुलैला दुपारी साडेतीनला येणार आहे. काल बसून नवीन कार्डं लॅमिनेट केली: वरणभात, झोका, आजी, आणि "नको". "नको" सगळ्यात मोठं केलंय, त्याच्या हाताला पहिल्यांदा लागेल अशा उंचीवर लावलंय.